क्यू चौदा

नवी पेठेत पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे.
तिला थिएटर म्हणायचं, असं आम्ही ठरवलंय.
बत्तीस खुर्च्या. त्यातल्या चार मांडववाल्याच्या,
परत करायच्या राहून गेलेल्या.
साडेसातला गिरणी थांबते,
जमिनीची थरथर पायांतून उतरते,
म्हणून आमची तिसरी घंटा सात पस्तीसला.

माझ्याकडे सहा दिवे आणि एक डिमर,
त्याची तिसरी पट्टी अडकते.
समोर सरोज लोंढे.
दिवसभर लक्ष्मी रोडवर, गणवेशाच्या दुकानात,
दुसऱ्यांच्या पोरांची मापं घेऊन आलेली.
टेप गळ्यातच असतो तिच्या.
दागिन्यासारखा, असं लिहिणार होतो.
दाव्यासारखा, असंही.
पण तो टेपसारखाच असतो.

पन्नास मिनिटं. एकही शब्द नाही.
आधी ती मान मोजते,
मग मनगट, मग घोट्याचा घेर.
आकडा वाचते आणि तिचा चेहरा
काउंटरपलीकडच्या कुठल्याशा आईचा होतो:
वाढत्या अंगाचं द्या हो,
दोन वर्षं तरी चाललं पाहिजे.
मग त्या न आलेल्या दोन वर्षांत
ती एक हात घालते, दुसरा घालते,
बाही बोटांपुढे लोंबते,
जी बाही नाहीच.
पहिल्या तालमीला मी इथे हसलो होतो.
आता क्यू नऊ देतो. डावीकडून, मंद.

पाठीचं माप एकटीला घेता येत नाही.
हे तिला ठाऊक आहे, दुकानात रोज दहादा तरी
वळ बाळा, असं म्हणत असते.
तरी सात मिनिटं ती घेत राहते.
टोक खांद्यावरून सोडते, खाली हाताने शोधते,
टेप निसटतो,
ती वळते, पाठही वळते,
घामाने सदरा मणक्याला चिकटतो
आणि एकेक मणी मला वरून मोजता येतो.
मी मोजत नाही.
नजर डिमरवर ठेवतो.

त्या शनिवारी अकरा माणसं होती.
सव्वीसाव्या मिनिटाला वीज गेली.
महावितरणची, आमची नव्हे.
अंधारात आधी तिचे पाय ऐकू आले,
मग श्वास,
मग कुणाचीतरी खुर्ची करकरली
आणि मग काहीच नाही, बराच वेळ.

दिवे आले तेव्हा ती खाली बसली होती,
मांडी घालून,
तळव्याला लागलेलं पीठ नखाने खरवडत.
तोंड किंचित उघडं.
कुणीच नव्हती ती तेव्हा. म्हणजे,
दुकानातली नाही, आमच्या नाटकातली नाही,
मला माहीत असलेली तर नाहीच.
उजेड पडल्याचं तिला
आमच्यानंतर कळलं.

नंतर एक गृहस्थ चपला घालता घालता म्हणाले,
ते अंधाराचं फार छान बसवलंय.
आणि थांबून,
कुठले लोंढे तुम्ही?
तिने टेप काढला, त्यांच्या मनगटाला गुंडाळला.
पावणेसात, म्हणाली.
ते जरा वेळ थांबले,
पुढे काही येईल म्हणून.

रविवारी आम्ही ते पुन्हा करून पाहिलं.
मी दिवे घालवले, ती बसली, मी दिवे लावले.
पीठ खरवडणारी एक बाई दिसली,
उत्तम खरवडत होती.
दोघांनाही लाज वाटली.
सरोज म्हणाली, खोटंय रे.
मी म्हणालो, हो.
चहाला खाली गेलो तर टपरी बंद.

आता क्यू चौदाला मी सगळे दिवे घालवतो,
कधी वीस आकडे, कधी नव्वद,
जसं वाटेल तसं.
तिसरी पट्टी अडकते म्हणून एक दिवा
मागे रेंगाळतो, लालसर,
मग तोही जातो.
त्यात ती काय करते, मला माहीत नाही.
दिवे येतात तेव्हा ती उभी असते,
टेप गळ्यात, पाठ आमच्याकडे.

परवा माप घेतलं असावं कुणीतरी.
पहिल्या रांगेतल्या मुलीच्या बोटांना
निघताना पीठ लागलेलं होतं.
की जिन्याच्या कठड्याचं असेल.
तिथेही असतंच.