माईक वापरला नाही

हॉलमध्ये खुर्च्या तीनशे, माणसं एकेचाळीस.
मोजायची सवय आहे मला,
माणसांवर आवाज ठरतो.
भरलेल्या खुर्च्या आवाज पितात,
रिकाम्या घुमवत बसतात.

बाप कापूस पिंजायचा.
धनुकलीची तात थरथरायची,
तेवढंच माझं या धंद्यातलं शिक्षण.
आता नदाफ साउंड सर्व्हिस, साखर पेठ.
लग्न, प्रवचन, प्रचार, श्रद्धांजली,
आणि आज फलकावर:
'बदलतं हवामान आणि आपलं सोलापूर'.
प्रवेश विनामूल्य. चहा नंतर.

डॉक्टर हविनाळे बाई
माईकपासून वीतभर लांब उभ्या राहिल्या.
बटण चढवलं तर शिट्टी, उतरवलं तर बाई गायब.
पडद्यावर एक तांबडी रेघ.
म्हणाल्या, दुपारची नका बघू,
दुपार आपली पहिल्यापासूनच तापट.
रात्रीची बघा.
रात्र निवायचं विसरत चालली आहे.

मागं कुणी जांभई दिली.
सफारीतले एक साहेब उठले,
रेघ ठीक आहे ओ, नळाला पाणी चार दिवसांआड येतं
त्याचं बोला.
टाळ्या त्यांनाच जास्त.

मग कडेच्या रांगेतून
नरसम्मा येमूल, विडी घरकुल, गल्ली तिसरी.
मी धावत जाऊन स्टँड खाली केला,
तरी ती माईकशी न बोलता बाईंशीच बोलली.

"पान सांगतो, मॅडम.
रात्री भिजवायचं, गोणपाटात गुंडाळायचं.
आधी दुपारी दोनपर्यंत मऊ,
कात्री म्हणेल तसं वळायचं.
आता सकाळी नऊला कडकड.
हजार वळायला बसलं की
सहाशेलाच फुटायला लागतो.
फुटलेल्या पानाचे पैसे आमचेच कापतात.
वर पत्रा. पंखा लावला तर तंबाखू उडतो.
तुमच्या रेघेत हे कुठं बसतंय?"

बाईंनी रेघेकडं पाहिलं,
मग पर्समध्ये पेन शोधलं. सापडेना. माझंच दिलं.
"नऊला फुटायला लागलं, ते कधीपासून?"
"थोरली नात झाली त्या उन्हाळ्यापासून."
त्यांनी तसंच लिहिलं,
थोरली नात, उन्हाळा.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
वक्त्यानं हॉलला प्रश्न विचारलेला पाहिला.
चहा निवला. साहेब गेले होते.

पुढच्या रविवारी तिसऱ्या गल्लीत
चुना, डिंक, दोन बादल्या, एक शिडी.
शिडी माझी, हॅलोजन लावायची.
तेवीस पत्रे ठरले होते, चुना अकरातच संपला.
समोरच्या माडीवरचा बोल्ली ओरडला,
काय करलालाव बे, डोळे दिपतेत की!
एकजण घसरला, कोपर सोललं.
बाईंच्या केसांत चुना,
त्या दिवशी त्या वीतभरही लांब नव्हत्या.

बाराव्या पत्र्याची म्हातारी
आठवडाभर कुणाशी बोलली नाही.

परवा पुन्हा बोलावणं आलं.
दुसरं व्याख्यान, नरसम्माच्या पांढऱ्या पत्र्याखाली.
मी अँप्लिफायर, दोन बॉक्स, वायर घेऊन हजर.
नरसम्मा म्हणाली, कशाला ते?
अठरा बायका, मांडीवर सुपं,
कात्र्यांची बारीक कचकच.
बाई मधे जमिनीवर बसलेल्या,
थर्मामीटर कॅलेंडरच्या खिळ्याला.
त्या हळू बोलत होत्या
आणि दारापर्यंत सगळं ऐकू येत होतं.

फरक किती पडला,
ते खिळ्यावरच्या काचेनं सांगितलं,
मला वाचता आलं नाही.
मी घड्याळ पाहिलं.
पावणेअकरा.
नरसम्मानं एक पान बोटाभोवती गुंडाळून दाखवलं,
फुटलं नाही.
बाराव्या पत्र्याची म्हातारी
दारात उभी राहून ते बोट बघत होती.

रात्री बिल केलं:
रिक्षा साठ.
शिडी, पुढच्या रविवारची, फुकट.
माईक वापरला नाही.