एकतीस हजार चारशे सात

डोळ्यांत तेल घालून बघायचं, हेच माझं काम.
रॉचेस्टर, तळघर, डावीकडचा दुसरा दरवाजा.
बाहेर मार्चमधला बर्फ, काळवंडून फुटपाथला चिकटलेला.
आत एका सेकंदाच्या चोवीस चौकटी
आणि प्रत्येकीवर पंचाहत्तर वर्षांची धूळ.
बर्नाडेट, आमची साहेब, पहिल्याच दिवशी म्हणाली:
धूळ काढायची. रेघ नाही.

या आठवड्यात जंगलातली जत्रा आहे.
अस्वल तिकिटं फाडतं, खारी पाळण्यात,
आणि एकविसाव्या मिनिटाला, तंबूमागे,
कपडे धुणारं बदक.
पिवळं. म्हणजे बदकासारखं नव्हे,
वेगळं पिवळं, तक्त्यात त्याला स्वतंत्र नंबर आहे.
पाठीवर वेणी. डोळ्यांच्या जागी दोन तिरक्या रेघा.
आणि दात.
बदकाला दात नसतात, याला दोन दिलेत,
त्यांच्या फटीतून ते शिट्टीसारखं काही बोलतं,
जे आमच्या घरी कधी कुणी बोललं नाही.
कोल्हा त्याला चिखलात ढकलतो.
ते उठतं. वाकतं. पुन्हा वाकतं.
पैसे मोजतं.

स्टॉकटनला पाहिला होता हा, सात वर्षांची असताना,
शनिवारी सकाळी, कितव्यांदा तरी पुन्हा लागलेला.
सगळं थिएटर हसलं. मीही,
ठसका लागेपर्यंत.
सोमवारी मधल्या सुट्टीत पोरांनी
बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणले.
मला त्या घोळक्यात जागा हवी होती,
म्हणून मी ती शिट्टी काढून दाखवली.
सगळ्यांत हुबेहूब मलाच यायची.
हे मी युजीनलाही सांगितलेलं नाही,
आणि लग्नाला एकोणतीस वर्षं झाली.

अडचण अशी की आजोबांची लाँड्री खरंच होती.
पण आजोबा वाकत नसत. गुडघा धरलेला.
उधारीवाल्यांना स्टुलावर बसूनच शिव्या द्यायचे,
तीन भाषांत.

म्हणे सुरुवातीला आता एक पाटी येणार आहे,
दहा सेकंदांची: त्या काळचे विचार, वगैरे.
पाटी नवी आहे. तिच्यावर धूळ नाही.

तेव्हा रेघ पुढून मारायचे, शाईने,
रंग मागून भरायचे, पारदर्शक पानावर.
बायका असायच्या, रांगेने, सुती हातमोजे घालून.
पडद्यावर त्यांची नावं नाहीत, मी पाहिलं.

आज, चौकट एकतीस हजार चारशे सात.
डाव्या डोळ्याच्या रेघेखाली ठिपका.
मोठा करून पाहिला. आणखी मोठा.
गोल. काळा. पुढून, शाईने.
आधीच्या चौकटीत नाही, पुढच्या चौकटीत नाही.
चिखलातून उठताना, सेकंदाचा चोविसावा हिस्सा,
बदक कोल्ह्याकडे बघतं.

हात घसरला असेल. गुरुवार असेल, पाठ धरली असेल.
किंवा नसेल.

नियम सोपा आहे: शेजारच्या चौकटीतून डोळा उचलायचा,
इथे बसवायचा. दोन मिनिटं.
मी कॉफी आणली. ती थंड झाली.
बर्नाडेट मागून गेली, क्षणभर थांबली,
तिला दिसलं नाही की तिने डोळेझाक केली, कुणास ठाऊक.

रकान्यात लिहिलं: धूळ नाही.

मग आठ. डोळा मिटलेला.
कोपऱ्यात एक केस. तो काढला.