चाळीस टक्के

मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यानं
बसबारच्या तांब्यावर हिरवा कळंक चढतो,
म्हणून दर पंधरवड्याला मी पॅनल उघडते.
परवा आत एक पाल सापडली,
लाल आणि पिवळ्या फेजच्या मधोमध,
वाळून कडक, आंबोशीसारखी.

नव्या पोराला, साहिल मुकादमला, दाखवत होते:
प्रत्येक रॅकला दोन वायरी, ए आणि बी.
दोन्ही चालू. पण कुठलीच
चाळीसच्या वर जाऊ द्यायची नाही.
"मॅडम, म्हणजे निम्मी ताकद फुकट?"
फुकट नाही रे.
एक पडली की दुसरीनं सगळं उचलायचं असतं,
न बोलता,
पलीकडे कुणाचा फोटो उघडता उघडता
अडकतासुद्धा कामा नये.

त्यानं मान डोलावली, मीटर लिहू लागला.
एकोणचाळीस. सदतीस. एक्केचाळीस,
त्याच्याभोवती मी लाल गोल करायला लावला.

आमच्या घरात असा हिशेब नव्हता.
विनायक आणि मी, दोघं पुऱ्या भारावर:
बोटीचा हप्ता, आईचं डायलिसिस,
धाकटीची फी, वर कौलं परतायची.
तो गेला त्या पहाटे
मधे बॅटरी नव्हती.
जनरेटर उठेपर्यंतचे अकरा सेकंद
कुणी धरले नाहीत.
मी ट्रिप झाले नाही, एवढंच.
आठ वर्षं,
हात लावला तर चटका बसेल इतकी गरम.

साहिल विचारतो, एक्केचाळीसचं काय करू?
थोडा भार काढ त्याच्यावरचा,
शेजारच्या पॅनलवर टाक.
तिथंही नसेल तर त्याच्या पुढच्या.
असेल कुठंतरी जागा.
शोध.