दहा दिवसांची मुदत

ग्रिम्सबीच्या शाळेत ऑगस्ट म्हणजे
पालथ्या खुर्च्या, फरशीला पॉलिशचा वास
आणि माझ्या वाट्याला एकेचाळीस कॉम्प्युटर.
चाळीस कोरे केले.
पेनड्राइव्ह लावायचा, होय म्हणायचं, परत होय,
मग चहा.
पोरांनी डेस्कटॉपवर बांधून ठेवलेले घोडे,
कुणा टिलीचा अर्धवट ज्वालामुखी,
सगळं वीस मिनिटांत स्वच्छ.
आवडतं मला ते, खोटं कशाला बोलू.
पाटी पुसल्यासारखंही नाही,
पाटीवर फडक्याचा ओघळ तरी उरतो.

एकेचाळिसावा बॉयलरच्या खोलीत.
नेव्हिल क्लॉक्स्टन, शाळेचा केअरटेकर,
दारातच उभा, हातात किल्ल्यांचा जुडगा.
"जपून. अकरा हिवाळे आहेत त्यात."
खरंच होते. तारीखवार,
पाण्याचा दाब, तापमान, आणि पुढे शेरे:
आज कुरकुरतोय.
रात्री दोनदा खोकला.
मॉरीन गेली. प्रेशर ठीक.

मी माझ्या पद्धतीनं समजावलं,
अपग्रेड म्हणजे जुन्या भिंतीवर नवा रंग,
पोपडे आतून येतातच.
कोरं करून घ्या, फाइल मी बाजूला काढते
आणि नंतर ठेवते परत.
तो म्हणाला, "ठेवशील तू.
पण ती होती तिथेच असेल का?"
मी हसले.
मग हसू आवरलं.

कारण गेल्याच आठवड्यात
माझा स्वतःचा लॅपटॉप कोरा केला होता.
फोटो, पावत्या, पासपोर्टचे स्कॅन
मोजून काढले, मोजून परत मांडले.
आणि बँकेला पत्र लिहायला बसले
तर माझ्याच नावाखाली लाल नागमोडी रेघ.
उज्ज्वला: चूक.
तुंगारे: चूक.
केळशी: चूक, तुम्हाला केल्सी म्हणायचंय का?
नऊ वर्षं एकेक शब्द शिकवला होता त्याला.
उजवी क्लिक, डिक्शनरीत घाला,
उजवी क्लिक, डिक्शनरीत घाला,
भाचरांची नावं, गोडा मसाला, आमचं आडनाव,
इंग्रजी अक्षरांत कसंबसं बसवलेलं.
ती यादी कुठे असते हे मला माहीत होतं.
कॉपी करायची राहिली.
किंवा राहू दिली. हेही खरं असेल.

नेव्हिलच्या मशीनला शेवटी अपग्रेडच लावलं.
काय ठेवायचं, विचारलं त्यानं आधी:
सगळं, फक्त फाइली, की काहीच नाही.
नेव्हिलनं वाकून, चष्मा कपाळावर सारून
स्वतःच्या बोटानं 'सगळं' दाबलं.
तीन तास. बासष्ट टक्क्यांवर अडून बसलं.
आम्ही पालथ्या बादल्यांवर,
मध्ये त्याचं चीज-लोणच्याचं सँडविच, निम्मं निम्मं.

म्हटलं, जुनी सिस्टीम लगेच जात नाही.
एका फोल्डरात पडून असते दहा दिवस,
नव्यात करमलं नाही तर परत फिरता यावं म्हणून.
मग मशीन आपणहून पुसून टाकतं.
बोलता बोलता थांबले मी.
"दहाच का?"
काय माहीत. आमच्याकडेही तेवढेच असतात.
"कशाला?"
कुणाचं काही राहिलं असेल तर कळावं म्हणून.
त्यानं पुढे विचारलं नाही.
दाराबाहेर पटांगणात सीगल
कुणाच्या तरी पावाच्या कडांवर तुटून पडलेले.
इथल्या पक्ष्यांची कुणाला वाट बघावी लागत नाही.

घरी येऊन पत्र पुन्हा उघडलं.
उजवी क्लिक. यादी खाली उघडली.
केळशी तेवढं घातलं.
बाकीच्या रेघा तशाच ठेवल्या.
बँकेला काय त्याचं,
छापताना त्या उमटत नाहीत.