डब्यातली सुई

बाबांचा डबा दुधाच्या पावडरीचा.
झाकणावरचं बाळ घासून घासून पुसलं गेलेलं,
एक कान तेवढा उरला होता.
देवलापारच्या जंगलात एकतीस वर्षं तो त्यांच्या झोळीत.
फागोजी कोडापे, वनरक्षक.
सरकारी बूट एकदाच मिळाले, तेही नऊ नंबरचे. पाय सातचे.

"ज्याचा एकच उपयोग, थे घरी ठिव," म्हणायचे,
"जंगलात त्याचं नुसतं वजन होते."

सायकलच्या ट्यूबची पट्टी घ्या.
पावसाळ्यात ओली काटकी रुसून बसली
की ही पेटते, काळा धूर सोडत, चांगली पाच मिनिटं.
कुऱ्हाडीचा दांडा हिनंच आवळला.
अस्वलानं फाडलेली मनिरामची पोटरीही
रामटेकपर्यंत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, हिनंच धरून ठेवली.
आणि पुढच्या सोमवारी त्याच पट्टीनं वेणी बांधून
मला शाळेत पाठवलं.
धुतली होती, असं आई म्हणते.

तुरटीचा खडा नाल्याचं पाणी निवळायला,
दाढी करताना कापलं तर गालावर.
आरशाचा तुकडा पलीकडच्या टेकडीवर ऊन फेकायला,
पापणीखाली शिरलेला गोचीड शोधायला,
आणि आई पवनीच्या बाजारात निघाली की तिला, कुंकवापुरता.

आणि ती पाकिटं,
आरोग्य केंद्रातून मूठभर आणलेली.
नववीत असताना मला डब्यात दिसली
आणि मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी त्यांनी हापशीवर एक भरून दाखवलं:
लिटरभर पाणी, वर पायमोजा, टाकलं खांद्यावर.
दुसऱ्यात काडेपेटी घालून गाठ मारली, बादलीत बुडवली,
बाहेर काढून काडी ओढली. पेटली.
"आता याचा तिसरा उपयोग..." म्हणाले,
आणि बादली उचलून घरात गेले.

रिटायर झाले, आम्ही गिट्टीखदानला आलो.
मेणबत्तीचा तुकडा माझ्या पर्सच्या चेनवर फिरला,
नायलॉनच्या दोरीनं कूलरचा पंप बांधला.
सुईला मात्र कुणी हात लावायचा नाही.
जुन्या रेडिओच्या चुंबकावर घासलेली ती,
कापसात निजलेली.

या मे महिन्यात, पारा सेहेचाळीस,
पेन्शनच्या कामाला एकटेच बर्डीवर गेले.
चार वाजता फोन आला. पासबुकावरून नंबर काढलेला.
"ताई, तुमचे बाबा माझ्या बशीत सुई सोडून बसले आहेत."

मुंजे चौक. मेट्रोचा खांब. पोह्यांची गाडी.
तर्रीचा डाग असलेली बशी, तीत पाणी,
पाण्यात कडुनिंबाचं पान, पानावर सुई,
आणि डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन माझा बाप
उकिडवा, बशीवर वाकलेला.
सुई खांबाकडे तोंड करून थांबली होती.
"उत्तर हलली, बाई," ते म्हणाले.

खांबाच्या पोटात लोखंड असते बाबा, मी म्हटलं.
त्यांनी खांबाकडे पाहिलं,
वाघ निघून गेल्यावर गवताकडे पाहतात तसं.
मग बशी धुऊन परत दिली. सुई कापसात.
रस्ता ओलांडताना दोरीचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं,
दुसरं स्वतःच्या.
ऑटोवाले बघत होते. बघू दे.
घर कुठल्या बाजूला, हे मी त्यांना विचारलं नाही.

रात्री त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरीत, आतून,
त्याच सुईनं मी माझा नंबर शिवला, लाल दोऱ्यानं.
दहा आकडे. एक आठ उलटा झाला.
ते शेजारी बसून दोरा धरत होते.
"टाके जाड घाल," म्हणाले,
"अंधारात बोटानं वाचता आले पाह्यजे."