शिकाऊ

माझ्या नावाची सुरुवातच चुकली म्हणे.
जन्मदाखल्यावर ते एक्सने सुरू होतं,
कुणा म्हाताऱ्या कारकुनाच्या जुन्या पोर्तुगीज वळणाने,
आणि आधारवर एस-एच.
खिडकीतल्या मुलीने दोन्ही कागद उजेडात धरले.
‘ही शेवंती आणि ही शेवंती एकच, कशावरून?’
बावन्न वर्षांत हे
मला कुणी विचारलं नव्हतं.
सासरीसुद्धा नाही.

मग नोटरी, स्टॅम्पपेपर, दोन झेरॉक्स.
मी शपथेवर लिहून दिलं की मी मीच आहे.
परतीच्या फेरीबोटीत ते प्रतिज्ञापत्र
मांडीखाली दाबून बसले,
मांडवीवर वारा फार होता.

नवऱ्याने अठ्ठावीस वर्षं हीच बोट हाकली,
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण,
एवढ्याच पाण्यावर.
डोळे अधू झाले तेव्हा घरी बसला,
आणि दिराकडून घेतलेली मारुती
माडाखाली उभी राहिली ती राहिलीच.
एकदा झावळ पडून तिच्या टपाला पोचा आला.
मी म्हटलं, मी शिकते.
तो म्हणाला, पाण्याला ब्रेक नसतो,
तरी मी कधी कुणाला धडकलो नाही.
याचा अर्थ हो की नको,
तीन दिवस मला कळलं नाही.
चौथ्या दिवशी त्याने टायरांत हवा भरून आणली.

कायतान शिकवायचा. ‘बाये, ल्हवू! ल्हवू!’
निजलेल्या मुलाखालून हात काढावा
तसा क्लच सोडायचा.
तीन मुलं निजवलीत मी,
तरी गाडी दचकून उठायची.

पहिल्यांदा गेले तर सर्व्हर डाऊन.
दुसऱ्यांदा सायबाच्या फेस्ताची सुट्टी, मीच विसरले.
तिसऱ्यांदा म्हणाले, चाळिशीवरच्यांना डॉक्टरचा दाखला लागतो,
आणि डॉक्टर चारपर्यंत झोपलेले.
तेवढ्यात शिकाऊ परवान्याचे सहा महिने संपले.
पुन्हा फी. पुन्हा संगणकासमोर ती चिन्हं:
पुढे शाळा, घसरडा रस्ता, अरुंद पूल.
एक बोट, तिच्यावर एक मोटार.
शेजारचा कॉलेजातला मुलगा कुजबुजला, हे काय गो?
मी सांगितलं नाही.
मग वाईट वाटलं, आणि सांगितलं.

गांवस साहेबांनी पहिल्या चाचणीला
मोबाइलमधून मान वर केली नाही.
आठाचा आकडा जमला,
चढावर गाडी दोन विती मागे आली.
‘पुढच्या महिन्यात.’
जेवणाचा डबा घेऊन गेले होते,
तो तसाच परत आणला.

पुढच्या महिन्याआधी कायतानने मला
ऐन ओहोटीला बोटीवरून उतरवलं.
धक्का उभा चढलेला, काँक्रीटवर हिरवं शेवाळ,
मागे मासळीचा टेंपो,
टेंपोमागे नदी.
तिथे गाडी धरली मी.
पायाची पोटरी थरथरत होती, पण धरली.
त्यापुढे त्यांचा तो चुन्याच्या रेघांमधला चढ
काय चढ होता?

‘जा,’ गांवस म्हणाले.
पास होऊन जा की नुसतंच जा,
हे विचारायला कायतानला पाठवावं लागलं.

दीड महिन्याने कार्ड आलं, शेजाऱ्यांच्या घरी.
फोटोत माझे डोळे अर्धे मिटलेले.
साठाव्या वर्षापर्यंत वैध.
आणि नाव?
एक्सने.

शनिवारी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.
बोटीवरच्या नव्या पोराने वर केबिनमधून
त्याला सलाम ठोकला,
तो त्याला दिसला नाही, मी हात केला.
रायबंदरला फळी खाली पडली.
पहिला गियर, हाफ क्लच, चढ.
तेव्हा मला दिसलं,
त्याचा उजवा पाय
खालच्या रबरावर घट्ट दाबलेला.
मी काही बोलले नाही.
मागे टेंपोवाला हॉर्न देत होता.