मांजर व्हा

मजले दोनच, पण प्रत्येक पायरीला
कंबर हजेरी लावते.
कलिन्याच्या दवाखान्याचा वरचा हॉल.
खाली गॅरेजवाले पत्रा ठोकतात,
छपरावरून दर चार मिनिटांनी विमान उतरतं
आणि आम्ही सात जण श्वास अर्ध्यात धरून
ते जाईपर्यंत थांबतो.
सवय.

शिकवणारीचं आडनाव मुकादम, पण ओरडत नाही.
सव्वीस वर्षांची पोर. म्हणते,
काका, पोट सैल सोडा.
बावीस वर्षं पोट आत, छाती बाहेर.
विश्राम म्हटलं तरी नुसते पाय फाकवायचे,
हात मागे बांधलेलेच.
सैल कुठून सोडतात तेच सापडेना.
तांडेल, नौदलातला, म्हणाला,
माझं सुटूनच आहे, मला आवरायचं शिकवा.

मी मॉर्टरची बेसप्लेट वाहिली.
पाठीवर बांधली की माणसाचं कासव.
चढाला तिचं वजन वाढतं, हे कागदावर नाही.
कागदावर बोर्डानं लिहिलं:
दुखण्याचा सेवेशी संबंध नाही.
मग काय, भरतीला निघताना
आईनं भाकरीबरोबर बांधून दिलं होतं?

डॉक्टर विचारायचे, एक ते दहात किती?
मी म्हणायचो, तीन.
शेजारी डोईफोडे बसलेला,
त्याच्या मांडीत अजून छर्रे आहेत,
त्याच्यासमोर आठ कसं म्हणणार.
मुकादमबाई आकडा विचारत नाही.
विचारते, सकाळी मोजे कोण चढवतं?
मी खिडकीबाहेर बघितलं.
बरं, म्हणाली, मोज्यांपासून सुरू करू.

आणि मग: मांजर व्हा.
हात-गुडघे टेकून पाठ उंच, मान खाली,
मग पाठ खाली, मान वर.
हवालदार केरबा वाघदरे, मांजर.
आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच,
आणि हसता हसता ते पोट सुटलं.

चार महिने झाले. दुखणं गेलेलं नाही.
पोटभाडेकरूसारखं आहे अजून,
पण रात्री भांडी आपटत नाही.
डावा मोजा माझा मी.
उजव्याला शेवंता दारात उभी राहून बघते,
हात पुढे करत नाही. शहाणी आहे.

शवासनाला मला दार दिसावं लागतं.
बाईनं कारण विचारलं नाही,
माझी सतरंजी आधीच फिरवून ठेवते.

रात्रपाळी कुर्ल्याला, एटीएमची.
प्लास्टिकची खुर्ची, एक पाय आखूड.
साडेतीनला रस्ता रिकामा झाला की
पेपर अंथरतो, टोपी काढून ठेवतो
आणि एसीच्या गारव्यात, मशीनसमोर,
मांजर होतो.
कॅमेरा बघतो वरून. बघू दे.

काल एक रिक्षावाला पाचशे काढायला आला,
काचेबाहेर थबकला.
म्हटलं, थांब जरा, चार राहिलेत.
होऊ द्या, म्हणाला,
आणि स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून
नीट बघत राहिला.